पदरावरचे विमान

गंगापूरच्या आठवडी बाजारात कपड्यांच्या हातगाड्यांवर गेल्या काही वर्षांत लढाऊ विमाने फार उतरू लागली आहेत. टी-शर्टच्या छातीवर, जर्किनच्या पाठीवर, शाळकरी मुलांच्या दप्तरांवर, इतकेच काय, उशीच्या अभ्र्यांवरही. मागच्या हिवाळ्यात, भरतीच्या तयारीसाठी पहाटे वैजापूर रस्त्याने धावणाऱ्या मुलांपैकी एकाच्या अंगात असाच एक शर्ट होता. मुलगा ओळखीचा, एके काळचा आमचा विद्यार्थी. शर्टावरचे विमान एफ-१६ होते आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती, जिचा अर्थ इंग्रजीच्या प्राध्यापकालाही लागला नसता. आम्ही त्याला थांबवून म्हटले, 'बाबा रे, हे विमान आपल्या हवाई दलाने कधी वापरलेलेच नाही. ते १९८० च्या दशकापासून पाकिस्तानच्या हवाई दलात आहे.' तो क्षणभर स्वतःच्या छातीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, 'सर, दुसऱ्यावर वाघ होता, पण तो माझ्या मापाचा नव्हता.'

प्रसंग हसून सोडून देण्याजोगा आहे, आणि आम्ही तो तेव्हा तसा सोडलाही. परंतु साहित्य शिकविणाऱ्या माणसाला प्रतिमेची खोड लागलेली असते. एखादी प्रतिमा कोठून आली, कोणाच्या हातून आली आणि येताना वाटेत काय सांडून आली, हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्या शर्टावर वाघ आणि एफ-१६ ही दोन्ही चित्रे एकाच दराने विकली जात होती, आणि त्या मुलाच्या दृष्टीने त्यांत मापापलीकडे काही फरक नव्हता. ज्या मुलाला उद्या कदाचित सीमेवर उभे राहावयाचे आहे त्याच्या बाबतीत तरी ही गोष्ट आम्हांला किरकोळ वाटत नाही.

जुन्या युद्धविमानांपासून चित्रकारांनी आणि वस्त्रकारांनी प्रेरणा घ्यावी की न घ्यावी, हा वाद खरे तर उरलेलाच नाही. ती कधीच घेतली गेली आहे. उघड्या विमानात बसून थंडीने काकडणाऱ्या वैमानिकांसाठी जी चामडी जाकिटे शिवली गेली, ती युद्धे संपल्यावर रस्त्यावर आली आणि रस्त्यावरून चित्रपटांत गेली. एमए-१ नावाच्या जाकिटाला पुढे भडक नारिंगी अस्तर लावले गेले, ते विमान पडल्यावर वैमानिकाने जाकीट उलटे करून घालावे आणि शोधपथकाला तो दुरून दिसावा म्हणून. आज मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात त्या जाकिटाच्या नकला विकल्या जातात आणि आतले नारिंगी अस्तर केवळ 'स्टाईल' म्हणून मिरविले जाते. (आमच्याकडे 'पॅराशूटचे कापड' हा शब्द पावसाळी जर्किनांसाठी इतका रुळला आहे की त्याखाली कधी कोणी जीव मुठीत धरून लोंबकळला होता हे कोणाच्या मनातही येत नाही.) भाषेत मृत रूपके असतात, तशी ही मृत वस्त्रे म्हणावयास हरकत नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. मराठी हातांनी, मराठी मागावर, हे यंत्र कधी 'पाहिले' आहे काय?

'विमान' हा शब्द तर आमच्याकडे यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात गर्भगृहावरच्या शिखरयुक्त भागाला विमान म्हणतात. ते दगडाचे आहे आणि डोंगरातून तसूभरही हललेले नाही. तुकोबांना न्यावयास आलेले विमान कॅलेंडरांवर आणि भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या रंगविले गेले. 'प्रभात'च्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलालांनी ते गरुडाच्या रूपात आकाशातून उतरविले, तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माणसांना त्यात काही विपरीत वाटले नाही. आमच्या कल्पनेतले विमान म्हणजे पक्षी किंवा देऊळ. ते न्यावयास येते. टाकावयास काही आणीत नाही. खऱ्या विमानाने टाकलेल्या बॉम्बच्या बातम्या दुसऱ्या महायुद्धात घरोघरी पोहोचल्या, तरी आमच्या अलंकरणात तो पक्षी तसाच राहिला. कवितेने त्या मानाने लवकर डोळे उघडले. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'त (१९४२) आगगाडी आणि जमीन यांचा झगडा आला, आणि मर्ढेकरांनी युद्धकाळातले यंत्रयुग अभंग-ओवीच्या जुन्या घाटात बसविले. वस्त्रात मात्र असा मर्ढेकर झाला नाही.

हे आम्हांला विशेष जाणवते ते एका रस्त्यामुळे. गंगापूरहून वैजापूरमार्गे पश्चिमेला निघाले की आधी येवला लागते आणि पुढे निफाडवरून गेले की ओझर. येवल्यात पैठणीचे माग आहेत. पैठण आमच्या जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. परंतु पैठणीचे माग आज मोठ्या संख्येने पाहावयाचे तर येवल्यासच जावे लागते. आणि ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तो कारखाना आहे जेथे १९६० च्या दशकापासून मिग-२१ विमाने बांधली गेली. भारतीय हवाई दलात आठशेहून अधिक मिग-२१ दाखल झाली. त्यांपैकी सहाशेहून अधिक या देशातच तयार झाली. एकाच रस्त्यावर, काही तासांच्या अंतरावर, एकीकडे माणसे धाग्यावर धागा बसवून मोर उडवीत होती आणि दुसरीकडे माणसे पत्र्यावर पत्रा बसवून ध्वनीच्या दुप्पट वेगाचे यंत्र उडवीत होती. निफाड-येवल्याच्या शेतकऱ्यांनी कांदा काढताना ते डोक्यावर पाहिले असणार, त्याचा आवाज ऐकला असणार. तरीही जेवढ्या पैठण्या आम्ही आजवर पाहिल्या, त्यांतल्या एकीवरही ते उतरलेले आम्हांला आढळले नाही.

हे विमान आता खरोखरच 'जुने' झाले आहे. १९६३ मध्ये चंदीगड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच चंदीगडमध्ये समारंभपूर्वक त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षे. निवृत्त यंत्राचे दोनच शेवट असतात: भंगार किंवा चौथरा. चौकाचौकांतल्या चौथऱ्यांवर आता आणखी काही मिग चढतील, त्यांना दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आधी रंग दिला जाईल, आणि त्यांच्या चाकांशी कोणी वडापावची गाडी लावील. यात आम्हांला गैर काही दिसत नाही. परंतु चौथऱ्यावर विमान ठेवणे म्हणजे त्याची कला करणे नव्हे.

आता केवळ आकाराच्या अंगाने पाहू. मिग-२१ हे आकृतीच्या दृष्टीने फार स्पष्ट यंत्र आहे. एक लांब नळी. तिच्या नाकाशी हवा घेणारे गोल तोंड आणि त्या गोलाच्या मधोमध टोकदार शंकू. दोन्ही अंगांना दोन त्रिकोण. खालून पाहिले असता ते एखाद्या पोराने कागदावर तीन रेघांत काढावे असे दिसते. पैठणीच्या पदराचे विणकाम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे वाचतानाच काही सुचले असेल. पदरावरच्या नक्षीत प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या तिल्लीवरून येतो आणि रंगाच्या हद्दीशी शेजारच्या बाण्यात अडकून परत फिरतो. मागे धागे लोंबत नाहीत. म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर उलट-सुलट सारखा दिसतो. या पद्धतीत वळणदार रेषा फार सायासाने साधते, ती पायऱ्यापायऱ्यांनीच चढवावी लागते. त्रिकोण मात्र मागाला सहज मानवतो. आणि गोलात बसविलेली आकृती म्हणाल तर 'बांगडी-मोर' शेकडो पदरांवर आहेच: बांगडीच्या वर्तुळात मोर. मिगचे समोरून दिसणारे तोंड, वर्तुळात वर्तुळ आणि मध्ये बिंदू, त्या घरात अनोळखी वाटणार नाही.

मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र शिकविताना संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन प्रकार सांगून आपण पुढे सरकतो, आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहून मोकळे होतात. ओझरचे विमान आणि येवल्याचा पदर शेजारी ठेवून ते शिकवावेत असे आम्हांला अनेकदा वाटले आहे. नळीच्या आडव्या रेषेला त्रिकोणाचा विरोध, त्या विरोधाचा शेपटीच्या लहान त्रिकोणांनी साधलेला समतोल. मर्ढेकरी दृष्टीला एवढे पुरे. त्या दृष्टीने पाहता हे विमान एक शुद्ध रचना आहे, आणि ते शत्रूचे की आपले, त्यात कोण बसले होते, हे प्रश्न सौंदर्याच्या बाहेरचे ठरतात.

येथेच आमची गाडी अडते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तली (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद ही जोडी ज्यांनी अभ्यासली आहे त्यांना ही अडचण नवी नाही. पण ती पुस्तकात वाचणे वेगळे आणि पदरावर पाहणे वेगळे. कारण मिग-२१ या आकृतीला महाराष्ट्रात एक लौकिक इतिहास आहे. या विमानाला वर्तमानपत्रांनी 'उडती शवपेटी' हे नाव दिले होते. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे मराठी वैमानिक राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. वैमानिकाच्या चुकीवर बोट ठेवून प्रकरण मिटू पाहत होते, तेव्हा त्यांची आई कविता गाडगीळ आणि हवाई दलातून निवृत्त झालेले वडील अनिल गाडगीळ यांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २००६ च्या 'रंग दे बसंती'त मिगच्या अपघातात मुलगा गमावलेली आई पडद्यावर आली, आणि तेव्हा महाविद्यालयात असलेल्या पिढीने चित्रपटगृहातून बाहेर पडताना डोळे पुसले. तीच पिढी आज शिक्षक आहे. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी अनेकजण तिच्यातले असतील. त्यांना मिगचा त्रिकोण हा नुसता त्रिकोण म्हणून पाहता येईल काय?

आम्हांला येत नाही. पण म्हणून तो विणूच नये असेही आम्हांला वाटत नाही, उलट म्हणूनच तो विणावा असे वाटते.

विमाने वस्त्रावर आणण्याचे प्रयोग आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामाच्या हल्ल्यानंतर सुरतेत जवान, रणगाडे आणि लढाऊ विमाने छापलेल्या साड्या निघाल्या आणि त्यांची चित्रे देशभर फिरली. शहीद जवानांना आदरांजली असा त्यामागचा भाव सांगितला गेला, आणि तो खोटा होता असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या साडीवर आदरांजली पंधरवड्यात छापून, घडी घालून, खोक्यात भरून बाजारात येते, ती पुढल्या पंधरवड्यात त्याच वेगाने जुनी होते. छपाईचा वेग हा तिचा दोष नव्हे. त्या चित्राकडे कोणी थांबून पाहिले नव्हते हा दोष. विमान फोटोतून उचलले, साडीवर टाकले. मधे हात आलाच नाही.

याहून गंभीर उदाहरण जपानचे आहे. १९३० च्या दशकात तेथे लहान मुलांच्या किमोनोंवर बॉम्बफेकी विमाने, रणगाडे आणि युद्धनौका विणल्या व छापल्या गेल्या. तान्ह्या बाळाला देवदर्शनाला नेताना घालावयाच्या कपड्यावरही ढगांतून विमाने उडत. ते काम उत्तम आहे, रंग देखणे आहेत, आणि तेच भयानक आहे. मर्ढेकरांच्या तिन्ही लयी तेथे सापडतील. त्या विमानांखाली चीनमधली शहरे होती, एवढीच गोष्ट त्या किमोनोंवर नाही. आमच्या मते युद्धविमान अलंकारात आणण्यातला खरा धोका हा आहे. ते बटबटीत होईल हा धोका लहान. ते गोड होईल हा मोठा.

अफगाण गालिचे दुसऱ्या टोकाला आहेत. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्यानंतर तेथल्या विणकरांच्या गालिच्यांत हेलिकॉप्टर, रणगाडे, कलाश्निकोव्ह बंदुका येऊ लागल्या. काही जुन्या गालिच्यांत हेलिकॉप्टर फुलांच्या ओळीत असे बसविलेले असते की प्रथम ते फूलच वाटते. ज्यांच्या डोक्यावर ते घिरट्या घालीत होते त्यांनीच ते विणले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या जेथे फूल असे त्या जागी आता हे आले आहे, ही नोंद त्या जागेनेच केली होती. पुढे परदेशी ग्राहक आले, मागणी आली, आणि फूल-हेलिकॉप्टर जाऊन ठळक, ओळखू येईल असे, नावासकट हेलिकॉप्टर आले. विणकराचेही पोट आहे. तरी पहिला गालिचा आणि दहा हजारावा गालिचा यांत जे हरवले ते काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. पहिली दलित आत्मकथने आणि त्यांच्या साच्यावर पुढे निघालेली पुस्तके त्याने वाचलेली असतात.

बंगालच्या बालुचरी साडीचाही उल्लेख करावयास हवा, कारण ती आमच्या अधिक जवळची आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्या पदरावर आगगाडीच्या डब्यात बसलेले साहेब, आगबोटी, हुक्का ओढणारे नबाब आले. विणकराने यंत्र पाहिले, त्याला ते मजेशीर वाटले, आणि त्याने ते आपल्या चौकटीत आपल्या मापाने बसवून टाकले. साहेब त्या पदरावर बाहुल्यासारखा दिसतो. सत्तेकडे बघण्याची ही एक तऱ्हा झाली. आनंदवर्धनाने अलंकाराविषयी म्हटले आहे की तो रसाच्या ओघात, वेगळे यत्न न करता यावा; बालुचरीतली आगगाडी तशी आली आहे. सुरतेच्या साडीवरचे विमान यत्नानेच आणलेले आहे आणि यत्न दिसतो.

आमच्या तालुक्याचाही या प्रकरणात एक लहानसा धागा आहे. वाळूज औद्योगिक वसाहत गंगापूर तालुक्यात येते, आणि तेथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. या बजाज कंपनीने २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटारसायकल बाजारात आणली, जिच्या पेट्रोलच्या टाकीत 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचे पोलाद वितळवून घातले होते. विक्रांत १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ले केले, १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्याच धातूतून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी केलेले स्मारकशिल्प जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत नौदल गोदीजवळ उभे राहिले. म्हणजे एकाच नौकेचे शिल्प झाले आणि वाहनही झाले. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वाळूजला कामावर त्या गाडीने जात. टाकीवर हात फिरवून ते म्हणत, 'ही युद्धावर जाऊन आलेली आहे.' जाहिरातीनेच त्यांना हे वाक्य शिकविले, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्यांनाही. तरीही तो हात खरा होता. जाहिरातबाजी म्हणून आम्ही त्या गाडीची चेष्टा करावयास निघालो होतो. त्या हाताने आमची पंचाईत केली. प्रतिमा उसनी असू शकते आणि स्पर्श अस्सल, हे आमच्या सगळ्या मांडणीला छेद देणारे आहे, आणि तो छेद आम्ही येथे तसाच ठेवीत आहो. ज्यांना मूळ सी हॉक पाहावयाचे असेल त्यांनी गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात जावे; तेथे ते उघड्यावर, पावसात भिजत उभे असते, आणि कोणत्याही पोस्टरपेक्षा लहान दिसते.

असो. मागील उन्हाळ्यात आम्ही आमच्या या कल्पनेसह येवल्याला गेलो. एका विणकराच्या घरी, माग चालू असताना, चौकटीच्या कागदावर काढलेला मिगचा त्रिकोण आम्ही त्याला दाखविला. विणकर वयस्क, बोलणे मोजके. त्याने कागद उजेडाकडे धरला, घरे मोजली, आणि विणता येईल म्हणाला. मोरापेक्षा सोपे आहे. कोण नेसणार हे त्याने विचारले नाही. आम्हीच मनात विचारीत होतो. सहा-आठ महिन्यांचे काम, लाखाच्या घरातली किंमत, आणि ती साडी लग्नात कोणत्या आईने नेसावी?

मग त्याने विचारले, 'साहेब, याचे तोंड कुठे करायचे?'

आम्हांला प्रश्न समजला नाही. त्याने मागावरचा अर्धा झालेला पदर बोटाने दाखविला. मोर पदरावर उभा असतो, पदर खांद्यावरून सुटला की मोर उभा दिसतो. बाईने पदर खोचला तर मोर आडवा होतो, कधी उलटाही होतो. पण उलटा झाला तरी तो मोरच. 'याचे तोंड वर केले तर खांद्याकडे जाते ते ठीक. पण पदर खोचल्यावर तोंड खाली आले, म्हणजे मग ते काय दिसेल?'

आम्ही कागद परत घेऊन तो आडवा धरून पाहिला, मग तिरपा. त्याच्या सुनेने चहा आणला. विणकराने कप रिकामा करून बाजूला ठेवला आणि तो पुन्हा मागावर बसला. त्याला त्या आठवड्यात आसवलीच्या वेलीचा पदर पुरा करून द्यावयाचा होता.